चौथी सीट

लोकलच्या बाकावर जागा तिघींची असते आणि बसतात चौघी. चौथी नुसती टेकते. एक पाय वाटेत, पर्स मांडीवर, हात समोरच्या बाकाच्या पाठीला. ही जागा तिला कुठल्या नियमाने मिळालेली नसते. "जरा सरकून घ्या" म्हटलं की तिघी कुरकुरतात, एकमेकींकडे बघतात आणि चार बोटं सरकतात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ च्या मार्चमध्ये सुरू झाली. मी पहिला पास काढला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि मी शाळेतून निवृत्त झाले तोवर आम्हा दोघींचंही वय झालं होतं. लेडीज डब्यात मी मटार सोलले, सहामाहीचे पेपर तपासले, दोन मैत्रिणींची लग्नं जमवली, एकीचा काडीमोड ऐकला. पाय पसरून, पदराची काळजी न करता डोळे मिटावेत अशी जागा मला माहेरीही नव्हती आणि सासरीही.

ही पुस्तिका त्याच डब्यात सुरू झाली, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू करते.

२०२२ चा पावसाळा होता. त्या वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं होतं, पेपरांत फोटो आले होते. साधारण त्याच सुमारास रक्षकाच्या गणवेशातली एकजण कामशेतला चढू लागली. पाठीला सॅक, हातात डब्याची पिशवी, केस घट्ट बांधलेले. दोनेक महिने ती दाराजवळ उभी राहून गेली. मग एक दिवस आमच्या बाकाशी येऊन म्हणाली, "जरा सरकून घ्या ना." मधली बाई उठूनच उभी राहिली. पलीकडून आवाज आला, "हा बायकांचा डबा आहे." त्यावर कामशेतचीच एक भाजीवाली पाटीवरून हात न काढता बोलली, "टाळी वाजवत येतात तेव्हा दहाची नोट देऊन डोक्यावर हात ठेवून घेता. आज डबा घेऊन आली तर अंग चोरता होय?"

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. वडगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत बसले, आणि ती उभीच राहिली.

लोणावळ्यात आमचा अकरा बायकांचा वाचनगट आहे. एका चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो. मी ही हकीकत तिथे सांगितली आणि त्या दिवशीचं ठरलेलं पुस्तक उघडलंच गेलं नाही. मग वर्षभर आम्ही हेच वाचलं: कायदे, निकाल, सरकारी नियम, आणि जमेल तसं त्यांचं मराठी केलं. मध्येच दोघीजणी गट सोडून गेल्या. एक म्हणाली, बायकांचं जे मूठभर आहे तेही वाटायला निघालात. दुसरी म्हणाली, तुम्ही माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवून त्याच्याबद्दल चर्चा करताय. दोघींचंही म्हणणं पुस्तिकेत पहिल्याच दोन टिपणांत छापलं आहे, आणि दोघींनीही त्यातला एक शब्द बदलू दिलेला नाही.

आधी डब्याचंच घेते. रेल्वेत बायकांसाठी जागा राखून ठेवायची सक्ती १८९० च्या कायद्याने केली: प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त स्त्रियांसाठी असावा, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर त्यात संडास असावा. पुणे ते लोणावळा भरतं चाळीस मैल, त्यामुळे आमच्या पणज्यांना तो लाभला नसता, हे वाचून गटातल्या सगळ्याच हसल्या. १९८९ च्या कायद्याने ही तरतूद पुढे चालवली आणि राखीव डब्यात शिरणाऱ्या पुरुषाला पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली मार्गावर अख्खी लेडीज स्पेशल धावली. एका कप्प्यापासून अख्ख्या गाडीपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. पण या शंभर वर्षांत बाई म्हणजे कोण आणि पुरुष म्हणजे कोण हे रेल्वेने कुठे लिहून ठेवलं नाही. गरज पडली नाही. दारातली बाई बघायची आणि ठरवायची.

वर्षभराच्या वाचनातून माझ्यापुरतं एक कळलं, आणि ते मी इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. या वादात सगळे विचारतात, "बाई कोण?" आपल्याकडच्या खऱ्या प्रकरणांत मात्र भांडण निराळ्याच प्रश्नाशी येऊन थांबतं: दारात कोण उभं आहे, आणि त्याने कशाकडे बघून ठरवायचं? निवडणूक अधिकारी, भरतीचा डॉक्टर, तहसिलातला कारकून, संडासाबाहेर पैसे घेणारी मावशी. आणि या दारांवर तपासणी झाली ती काही फक्त तृतीयपंथी व्यक्तींची नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट घ्या. २०२०च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली पाटील यांनी सर्वसाधारण महिलेसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. छाननीत तो फेटाळला गेला: तुम्ही तृतीयपंथी, जागा महिलेची. तृतीयपंथीयांसाठी राखीव जागा तर गावातच काय, राज्यात कुठे नव्हती. म्हणजे उभं राहायचं तर पुरुषांच्या रांगेत. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारी २०२१ च्या सुरुवातीलाच निकाल दिला की त्यांनी स्त्री म्हणून ओळख निवडली आहे, यापूर्वी पुरुष म्हणून फायदे उपटलेले नाहीत, सबब महिला जागेवर त्यांना लढता येईल. त्याला एक अट जोडली: पुढे सोयीसाठी पुरुष व्हायचं नाही. हा शब्द आयुष्यभराचा. १५ जानेवारीला मतदान झालं आणि त्या निवडून आल्या.

या निकालावर आमच्याकडे तीन शनिवार गेले. एकीचा मुद्दा असा की पंचायतीत बायकांना जागा मिळाली ती फुकट नाही. १९९२ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश, २०११ मध्ये राज्याने केली निम्मी. त्यामागे किती मोर्चे, किती वर्षं. त्यातली एक जागा गेली तर ती कोणाच्या तरी लेकीची गेली. मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यावर मावळातल्याच एका माजी सदस्य बाईंनी जे उत्तर दिलं ते ऐकून खोलीत शांतता पसरली. "आमच्या जागा कोणी खाल्ल्या ते मला विचारा," त्या म्हणाल्या. "सरपंचपतींनी." बायकोचं नाव बोर्डावर आणि खुर्चीत नवरा, सही तिची आणि ठराव त्याचा. महिलांच्या जागेवर पुरुष बसवायला साडी नेसावी लागत नाही, लग्न केलेलं पुरतं. त्या नवऱ्याकडून कोणत्याही न्यायालयाने आयुष्यभराचा शब्द घेतलेला नाही.

न्यायालयाने घातलेली ती अट मला मात्र शहाणपणाची वाटली. ओळख तिची तिने सांगायची, पण सांगितल्यावर ती निभवायची. गावातला व्यवहार असाच चालतो. ज्यांना भीती वाटते की उद्या कोणीही उठून बाई म्हणवेल, त्यांच्या भीतीला या अटीत उत्तर आहे. आणि भादलीच्या मतदारांनी, ज्यांत निम्म्या बायका असणारच, बाकीचं उत्तर मतपेटीत दिलं. मतपेटी म्हणायची सवय. मतदान यंत्रावरच झालं.

दुसरं प्रकरण नाशिकचं. ते वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. ऊसतोड मजुराच्या घरची थोरली लेक. मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, शाळेच्या दाखल्यावर मुलगी. २०१८च्या पोलीस भरतीत अनुसूचित जातीच्या महिला गटातून परीक्षा दिली, उतरली. मग वैद्यकीय तपासणी झाली. गर्भाशय नाही, अंडाशय नाही, आणि गुणसूत्रांची चाचणी सांगते पुरुषाची. तिला हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, तेही नोकरीच्या कागदावर. आता पुरुष म्हणून मोजायचं तर पुरुषांच्या मापात ती बसत नव्हती, कारण ती बायकांच्या मैदानावर बायकांच्या मापाने धावली होती. उच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात तिच्या बाजूने कौल दिला. हा दोष तिचा नाही, ती बाई म्हणूनच जगत आली आहे, असं म्हटलं, आणि सरकारने तिला पोलीस खात्यात शिपायाखेरीज दुसऱ्या जागेवर घेण्याची तयारी दाखवली.

तिने काहीच "निवडलं" नव्हतं. ती तृतीयपंथी नव्हती, तिची कोणती चळवळ नव्हती. "बाई म्हणजे शरीराने बाई, संपलं" हे वाक्य मला पूर्वी बिनतोड वाटायचं. या पोरीच्या अंगाशी आलं तेव्हा त्यातलं "संपलं" गळून पडलं. दोहाच्या आशियाई स्पर्धेत २००६ मध्ये तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं रौप्यपदक असंच एका चाचणीवरून काढून घेतलं गेलं होतं. दार कडक करावं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्यात बोटं बायकांचीही चेंगरतात. आमच्या गटात येणारी एक कबड्डी खेळणारी मुलगी आहे, बारीक कापलेले केस, रुंद खांदे. तिला एका ठिकाणच्या लेडीज संडासातून "ए, जेन्ट्स तिकडे" म्हणून परत पाठवलं होतं. ती हे हसत सांगते. तिची आई हसत नाही.

कायद्यांचा भाग थोडक्यात आटोपते, सविस्तर टिपण आत आहे. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' निकालात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि तिसरं लिंगही कायद्याने मानलं. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी बाजू मांडत होत्या. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याने निकालातला मोकळेपणा जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रात बसवला. 'तृतीयपंथी' असा दाखला अर्जावर, पण 'स्त्री' किंवा 'पुरुष' असा हवा तर शस्त्रक्रियेचा कागद. आणि त्याच कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. गटातल्या ज्या बायका डब्याच्या प्रश्नावर माझ्या विरुद्ध होत्या, त्या या कलमावर सगळ्यांत जास्त चिडल्या. राज्यातलं पुढचं पाऊल पोलीस भरतीचं. अर्जात स्त्री आणि पुरुष दोनच रकाने आहेत म्हणून साताऱ्याच्या आर्या पुजारी यांनी प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली, आणि २०२२ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने सरकारला तिसरा रकाना करायला लावला. २०२३ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयानेच म्हटलं की शस्त्रक्रियेनंतर स्त्री झालेली व्यक्ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पतीकडून संरक्षण मागू शकते. मारहाण सोसायची वेळ आली तेव्हा ती बाई आहे का हे मारणाऱ्याने विचारलं नव्हतं.

बायकांच्या जागांबद्दल मात्र हे सगळे कागद एका सुरात बोलत नाहीत. संडासाचंच बघा. 'नालसा' निकाल म्हणतो, तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं करा. २०१७ मधल्या स्वच्छ भारत मोहिमेच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, त्यांना स्त्री किंवा पुरुष, हवं ते वापरू द्या. २०१९ च्या कायद्याखालचे २०२० चे नियम पुन्हा वेगळ्याकडे वळतात. आता या तीन कागदांच्या मध्ये आमची एक सदस्य उभी करा. ती भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजते. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायचं कुठे? तिला विचारलं, तुझ्या संडासात तृतीयपंथी आली तर चालेल का? ती म्हणाली, "आधी संडास तर दाखवा." पुण्यात २०१६ मध्ये जुन्या बसगाड्यांतून फक्त बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं उभी राहिली तेव्हा त्याची केवढी बातमी झाली होती. साध्या संडासाची बातमी व्हावी, यातच सगळं आलं. तिघींच्या बाकावर पाच जणी आल्या की भांडण बाक लहान असल्याचं असतं, पण भांडतात त्या पाच जणी.

माझ्या भाचीने इंग्लंडहून एक बातमी पाठवली होती. १६ एप्रिल २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री. २००४ च्या कायद्याखाली मिळालेला लिंगबदलाचा दाखला असला तरी या कायद्यापुरतं ते बदलत नाही. खटला स्कॉटलंडमधल्या बायकांच्या एका संघटनेने नेला होता. निकाल एकमताचा, आणि तो वाचून दाखवताना न्यायमूर्तींनी बजावलं की याकडे एका गटाचा दुसऱ्यावर विजय म्हणून बघू नका. आमच्या वॉट्सॲप गटांवर तो नेमका विजय म्हणूनच फिरला. तिकडच्या बायकांनी मांडलेले प्रश्न खोटे नाहीत: मारहाणीतून सुटलेल्या बायकांचे निवारे, तुरुंग, खेळ, दवाखान्याचे वॉर्ड. पण तिथला वाद जसाच्या तसा उचलून मावळात आणला की गंमत होते. तिथे आधी बायकांचे निवारे, वॉर्ड, संडास झाले आणि मग त्यांत कोण यावं यावर भांडण लागलं. इथे आपण जागेआधी भांडण आयात केलं.

भीतीचं काय? ती टाळून ही पुस्तिका खरी होणार नाही. गटातल्या एका नर्सबाईंनी सांगितलं, रात्रीच्या गाडीत मोकळ्या लेडीज डब्यात एक माणूस शिरला होता. पुढचं स्टेशन येईपर्यंतची ती मिनिटं त्या आजही मोजतात. त्या म्हणाल्या, "कायदा नंतर येतो गं. त्याआधी माझ्याकडे दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांत मी चेहरा बघते, आवाज ऐकते आणि ठरवते. तेवढंही तुम्ही माझ्याकडून काढून घेणार?" याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या असे अंदाज बांधून जीव वाचवलेत. त्यांना मागासलेलं ठरवून भाषण देणाऱ्यांचा मला राग येतो. फक्त एवढंच, की तो डब्यात शिरलेला माणूस शर्ट-पँटमध्ये होता. आमच्या अकराजणींच्या आयुष्यात जेवढे हात अंगाला लागले, त्यांतला एकही साडी नेसून आलेला नव्हता. अकराजणींचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. पण तो आहे.

आणि बायकांच्या जागा म्हणजे आपोआप बायकांच्या बाजूच्या जागा, असंही नाही. हळदीकुंकू घ्या. याच्याइतकी निखळ बायकांची जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. पुरुष घरातून हाकलून दिलेले, वाण, उखाणे, हसणं. माझी आई सत्तेचाळिसाव्या वर्षी विधवा झाली, आणि त्या संक्रांतीला शेजारच्या दारापाशी थांबली. कोणी अडवलं नाही. दारावर पाटी नव्हती. ती स्वतःच वळून परत आली, कारण आपण त्या जागेपुरत्या बाई उरलो नाही हे तिला न सांगता कळत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि पंधरवड्यात राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तोवर किती शतकं हे दार बायकांनीच राखलं होतं.

आता थोडं मागे जाते, आमच्याच डोंगरात. मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कामशेतहून आत बेडसे. या लेण्यांच्या लेखांत दान देणाऱ्या बायका आहेत, भिक्खुणी आहेत. भिक्खू आणि भिक्खुणी यांची राहणी वेगळी, नियम वेगळे. म्हणजे स्त्रियांसाठी राखीव जागेचा प्रश्न त्या काळी संघालाही होता. पाली विनयपिटकात एक प्रसंग येतो. एका भिक्खूच्या अंगी स्त्रीचं लिंग प्रकट झालं. भिक्खू बुद्धाकडे गेले. उत्तर मिळालं की त्याचा उपाध्याय तोच राहील, उपसंपदा तीच, वर्षावास मोजले तेवढेच. फक्त आता तिने भिक्खुणींमध्ये राहायचं. भिक्खुणीच्या बाबतीत उलट घडलं तर उलट नियम. ज्येष्ठता गेली नाही, कोणी पुन्हा परीक्षा घेतली नाही. हे वाचलं तेव्हा मला लेण्याच्या पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण त्याच विनयात दुसरी गोष्टही आहे. एका पंडकाने, म्हणजे आज आपण ज्यांना तृतीयपंथी म्हणू अशांपैकी एकाने, दीक्षा घेतल्यावर तरुण भिक्खूंशी आणि पुढे माहुतांशी गैर वर्तन केलं. लोकांत बोभाटा झाला. नियम झाला की पंडकाला दीक्षा देऊ नये, दिली असेल तर काढून टाकावं. एकाच्या वागण्यावरून सगळ्यांना दार बंद. कार्ल्याच्या लेखात महासांघिकांचं नाव आहे, तेव्हा त्या गुहांतले नियम शब्दशः हेच होते असा माझा दावा नाही. मी एवढंच बघते की एका ग्रंथात, बहुधा थोड्याच काळाच्या अंतराने, दार उघडल्याचीही नोंद आहे आणि आपटल्याचीही. आज आपल्याकडे दोन्ही बाजूंना वाटतं की हा वाद परवा मोबाइलमधून आला.

माझं मत विचाराल तर डबा, पंचायतीची जागा, नोकरीचा अर्ज, बचतगट, इथे तिला येऊ द्यावं आणि वागणुकीवरून माणूस ओळखावा. तुरुंग आणि निवारा यांचं गणित निराळं आहे. तिथून उठून पुढच्या स्टेशनला उतरता येत नाही. २०२२ च्या जानेवारीत केंद्रीय गृहखात्याने राज्यांना सुचवलं की तृतीयपंथी कैद्यांना वेगळा कक्ष द्यावा, पण त्यापायी त्यांना एकटं पाडू नये. मला हे पटतं, फक्त असे कक्ष बांधले तर. निवाऱ्याच्या बाबतीत तिथे राहणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय वरून काही लादू नये, आणि तृतीयपंथी व्यक्तीला मार पडतो तेव्हा तिने कुठे जायचं याचंही उत्तर त्याच दिवशी तयार असावं. आमच्या गटातल्या चौघींना यातलं अर्धं पटत नाही. त्यांची टिपणं माझ्या टिपणाच्या आधी छापली आहेत.

शब्दांबद्दल एक खुलासा. पुस्तिकेत बहुतेक ठिकाणी 'तृतीयपंथी' हा सरकारी शब्द ठेवला आहे. काहींना 'पारलिंगी' बरा वाटतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जण 'इतर' या रकान्यात मोजले गेले, आणि त्यांपैकी कितीजणींना आपण 'इतर' आहोत असं वाटत असेल कोण जाणे. निकाल मराठीत आणताना आमची खरी अडचण निराळीच होती. इंग्रजीत माणूस "मी आलो" म्हणतो की "मी आले" हे कळायला मार्ग नाही. मराठीत तोंड उघडलं की लिंग सांगावंच लागतं. कोल्हापूरच्या पोरी खुशाल "मी येतो" म्हणतात आणि त्यांचं काही बिघडत नाही, ती गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याआधी, डॉक्टरच्या कागदाआधी, प्रत्येक जण दिवसातून शंभरदा स्वतःच्या क्रियापदाने जाहीर करत असतो. भादलीच्या बाईंनी अर्ज भरण्याआधी किती वर्षं गावात ते केलं असेल.

कामशेतहून चढणारीला मी पुढे गाठलं. सहा महिने लागले मला, लाज वाटत होती. सगळं सांगितलं आणि पुस्तिकेसाठी काही लिही म्हटलं. ती म्हणाली, लिहिण्यासारखं काही नाही हो मॅडम, कामाला जाते, घरी येते. पण दोन दिवसांनी वहीच्या पानावर अर्धं पान लिहून आणलं. त्यात त्या दिवसाबद्दल एक ओळ होती, की मी उभी राहिले आणि वडगावला गर्दीबरोबर पुढे सरकले. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापलेलं नाही. ते पान शेवटी आहे.

पहिलं प्रूफ आलं तेव्हा तिच्या पानावर 'मी उभा राहिलो' होतं. आत कोणाबद्दल काय लिहिलंय ते वाचून अक्षरजुळणी करणाऱ्याने सगळी क्रियापदं आपल्या समजुतीने दुरुस्त केली होती, अकरा ठिकाणी. आणि मी, चाळीस वर्षं शुद्धलेखन तपासलेली बाई, पहिल्या वाचनात ते तसंच पुढे जाऊ दिलं होतं. ते सापडलं भाजीवालीच्या मुलीला. ती आता आमच्या गटात येते. मग आम्ही दोघींनी लाल पेन घेऊन अकराही ठिकाणी काना काढला.